पॅरलल पार्किंग : गाडी जिथे अडते, तिथे चूक झालेली नसते

मागचं डावं चाक फूटपाथला टेकलंय, गाडीचं नाक निम्मं रस्त्यात आहे आणि मागे दोन रिक्षा आणि एक टेम्पो खोळंबलेत. पुढे घ्यावी तर गाडी तिरकी ती तिरकीच. मागे घ्यावी तर चाक कडेवर चढू बघतंय. मग स्टिअरिंग इकडे फिरवा, तिकडे फिरवा, गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे. शेवटी घामाघूम होऊन आपण ती जागा सोडतो आणि तीन गल्ल्या पलीकडे, जिथे सरळ नाक घालून गाडी लावता येते, तिथे जातो.

लायसन्स मिळाल्यावर जवळजवळ पाच वर्षं मी हेच करत होते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पॅरलल पार्किंग, म्हणजे कडेला उभ्या दोन गाड्यांच्या मधे गाडी रस्त्याला समांतर लावणं, शिकवलं नव्हतं असं नाही. मैदानात दोन खांब रोवलेले होते. पहिला खांब मागच्या काचेच्या कोपऱ्यात दिसला की फुल डावी काट, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत, दुसरा आरशात आला की फुल उजवी. त्या मैदानात, त्या गाडीत, मला ते दर वेळी जमायचं. घरच्या गाडीची काच वेगळी, सीटची उंची वेगळी आणि कोथरूडच्या गल्लीत खांब कुठून असणार? खांब पाठ झाले होते, गाडी काय करते ते कळलं नव्हतं. ज्यांना वर्षानुवर्षं गाडी चालवूनही हे एकच जमत नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच झालेलं असतं.

मला नीट उलगडा झाला तो मावशीला शिकवताना. गाडी अडते तिथे, म्हणजे चाक टेकतं किंवा नाक बाहेर राहतं तिथे, चूक झालेली नसतेच. ती दोन पायऱ्या आधी होऊन गेलेली असते. आपण मात्र जिथे अडलो तिथेच स्टिअरिंगशी झगडत बसतो. म्हणून हे सगळं उलट्या दिशेने लिहिते आहे : गाडी शेवटी कशी उभी राहिली ते बघायचं आणि त्यावरून मागे कुठे चुकलं ते शोधायचं.

आधी हे डोक्यात पक्कं हवं

वळतात ती पुढची चाकं. मागची नुसती त्यांच्यामागे ओढली जातात, तीही आतल्या बाजूने. त्यामुळे गाडीचं शेपूट पुढे जाताना कडेला सरकवता येत नाही, नाक मात्र सरकवता येतं. रिव्हर्समध्ये घेताना वळणारी चाकं जाण्याच्या दिशेच्या मागच्या टोकाला येतात असं समजा : आधी शेपूट अचूक जागी घालायचं आणि मग नाक आत ओढून घ्यायचं. अरुंद जागेत गाडी उलटी घालतात ती एवढ्याचसाठी.

दिशेचा गोंधळ बहुतेकांचा होतो. मागे जाताना डावी काट मारली की शेपूट डावीकडेच जातं. उलटंसुलटं काही नाही. उलट जातं ते नाक. शेपूट डावीकडे शिरतं तेव्हा नाक उजवीकडे, म्हणजे रहदारीत, बाहेर येतं. किती येतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. वॅगनआरएवढ्या गाडीत फुल काट मारली तर पुढचा उजवा कोपरा मूळ रेषेपासून जवळजवळ एक मीटर बाहेर येतो. बाजूने जाणाऱ्या स्कूटरवाल्याला नेमका हाच कोपरा लागतो, कारण त्या वेळी आपले दोन्ही डोळे मागे असतात.

जागा पुरते का?

२००९मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवेमधले गणिताचे प्राध्यापक सायमन ब्लॅकबर्न यांनी याचं सूत्र मांडलं होतं : गाडीच्या लांबीपेक्षा किमान किती जास्त जागा असेल तर ती एका फटक्यात उलटी आत जाईल. त्यात गाडीची वळण-त्रिज्या (फुल काटेवर गाडी जो गोल घेते त्याची त्रिज्या), पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, पुढच्या चाकाच्या पुढे आलेला भाग आणि शेजारच्या गाडीची रुंदी एवढंच लागतं. मी ते वॅगनआरला लावून बघितलं. लांबी ३६५५ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४३५, वळण-त्रिज्या ४.७ मीटर, आणि पुढे तशीच गाडी उभी आहे असं धरलं. उत्तर आलं सुमारे १.३ ते १.४ मीटर जास्त, म्हणजे एकूण पाच मीटरच्या आसपास.

ही झाली कागदावरची सीमा, हात बसलेल्या माणसासाठी. शिकताना दीड गाडी धरा : वॅगनआरला साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. रस्त्यात टेप लावून मोजता येत नाही, म्हणून मी मावशीला सांगितलं होतं, की जागेच्या बाजूने सावकाश पुढे जाताना आपली अख्खी गाडी त्यात मावून वर एक ॲक्टिव्हा आडवी नाही, लांबीत उभी राहील इतकी जागा दिसायला हवी. ॲक्टिव्हा जेमतेम पावणेदोन-एक मीटर लांब असते, त्यामुळे हिशोब बरोबर बसतो. तेवढी जागा दिसत नसेल तर प्रयत्नच करू नका. गाडी बसत नाही त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

रीत, एका दमात

डावा इंडिकेटर द्या. पुढे उभ्या असलेल्या गाडीच्या शेजारी, तिला समांतर, दोन ते अडीच फूट अंतर ठेवून थांबा. तुमचा मागचा बंपर तिच्या मागच्या बंपरच्या रेषेत. आरसे, खांद्यावरून मागे, परत आरसे. रिव्हर्स टाका, गाडी हलू लागताच फुल डावी काट. गाडी रस्त्याशी साधारण पंचेचाळीस अंशात आली, म्हणजे मागे उभ्या गाडीचे दोन्ही हेडलाइट तुमच्या उजव्या आरशात दिसले, की स्टिअरिंग सरळ. थोडं सरळ मागे. तुमचा डावा आरसा पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरपाशी आला की फुल उजवी काट, आणि नाक आपोआप आत येतं. समांतर झाली की थांबा, चाकं सरळ करा, पुढेमागे सारखी जागा सोडा.

यातला मधला सरळ टप्पा किती छोटा आहे ते कुणी सांगत नाही. वर दिलेल्या मापांनी हिशोब केला तर तो जेमतेम दीड-पावणेदोन फूट येतो. शिकणारे तिथे चार-पाच फूट जातात आणि चाक फूटपाथला नेऊन टेकवतात.

चाक टेकलं, नाक बाहेर राहिलं

सगळ्यात जास्त दिसणारा बिघाड हाच. तीन कारणं असू शकतात आणि ती वेगवेगळी ओळखता येतात.

चाक टेकलं त्या क्षणी गाडी फारच आडवी दिसत असेल, जवळजवळ फूटपाथकडे पाठ करून उभी, तर डावी काट सोडायला उशीर झाला. पंचेचाळीसऐवजी साठ अंशांत गाडी गेली. आरशात मागच्या गाडीचे दोन्ही दिवे कधीच येऊन गेले होते, पण तुम्ही डाव्या आरशात फूटपाथ शोधत होतात.

कोन बरोबर होता पण तरी टेकलं, तर सरळ टप्पा लांबला, किंवा मुळात सुरुवात करताना पुढच्या गाडीला फारच चिकटून उभ्या होतात. सुरुवातीचं अंतर फूटभर बदललं की सरळ टप्पा जवळजवळ दीड फुटाने बदलतो. म्हणजे एक फुटावरून सुरुवात केलीत तर तो टप्पा जवळपास उरतच नाही, काट सोडली की लगेच उलटी काट मारावी लागते. यात अजून एक धोका : इतकं चिकटून सुरुवात केली तर वळताना आपल्या गाडीची डावी बाजू, मागच्या दाराच्या आसपास, पुढच्या गाडीच्या कोपऱ्याला घासायला फार थोडं अंतर राहतं.

टेकल्यावर काय करायचं? जागच्या जागी झगडायचं नाही. पहिला गियर टाका, बाहेर पडा, पहिल्या जागी या आणि परत करा. मागे लोक खोळंबलेले असतात तेव्हा हे लाजिरवाणं वाटतं, मान्य आहे. पण पूर्ण बाहेर काढून पुन्हा लावायला अर्धा मिनिट लागतो, आत झगडायला तीन मिनिटं. चाक जोराने कडेवर चढवणं तर टाळाच. अलॉय असेल तर रिमला ओरखडा पडतो, पण त्याहून वाईट म्हणजे टायरची बाजूची भिंत दबून कापली जाते किंवा आतले धागे तुटतात आणि मग तिथे फुगा येतो. तळव्याला पंक्चर काढता येतं, त्या बाजूच्या भिंतीला नाही. टायर बदलावाच लागतो.

गाडी सरळ उभी, पण फूटपाथपासून दोन हात लांब

हा पहिल्याच्या नेमका उलटा. कोन कमी पडला किंवा उलटी काट लवकर मारली. बहुतेक वेळा भीतीने लवकर मारलेली असते, कारण नाक पुढच्या गाडीला लागेल असं वाटतं. तिथे पुढचा कोपरा बघू नका, डावा आरसा बघा. तो पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरच्या रेषेत आला की मारा. त्या क्षणी नाकाचा कोपरा अजून पुढच्या गाडीच्या बाजूलाच असतो, त्यामुळे जीव घाबरतो. पण तो आडव्या अंतराने पाच-सहा फूट लांब असतो. एकदा मोकळ्या मैदानात खाली उतरून हे अंतर डोळ्यांनी बघून घ्या, नंतर पाय आपोआप शांत होतो.

आत असताना गाडी थोडी डावीकडे सरकवायची असेल तर पुढे जाताना अर्धं अंतर डावी काट, उरलेलं अर्धं उजवी. मागे येतानाही तसंच, आधी डावी मग उजवी. एका फेरीत मिळते ती वीतभर सरक, त्याहून जास्त नाही. दोन हात कमी करायचे असतील तर परत बाहेर काढणंच सोपं.

चाकं सरळ झाली की नाही हेच कळत नाही

हा बिघाड दिसत नाही, म्हणून कुणी बोलत नाही, पण माझ्या मते अर्ध्या फसलेल्या प्रयत्नांच्या मुळाशी हाच असतो. 'स्टिअरिंग सरळ करा' म्हटलं की आपण अंदाजे फिरवतो, एक फेरा कमी पडतो, आणि आपल्याला वाटतं गाडी सरळ मागे जातेय तेव्हा ती वळत असते.

आपल्या गाडीचं स्टिअरिंग मधून टोकापर्यंत किती फेरे जातं ते एकदा मोजून ठेवा. बऱ्याच लहान गाड्यांत ते दीड-पावणेदोन फेरे भरतं. एकदा आकडा माहीत झाला की फुल काटेवरून तेवढेच फेरे परत म्हणजे सरळ. मावशीने स्टिअरिंगच्या अगदी वर, घड्याळात बारा असतात तिथे, राखीच्या दोऱ्याचा लाल तुकडा बांधला होता. मोजायचं आणि दोरा वर आला का बघायचं. महिनाभराने तिने तो सोडून टाकला, हाताला कळायला लागलं होतं.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फुल फिरवायची सवयही सोडा. शिकताना एक-दोनदा चालेल, पण डांबरावर चाक घासत वळतं, टायर झिजतो आणि स्टिअरिंगवर ताण येतो. गाडी किंचित हलती ठेवून फिरवा, हलकंही लागतं.

वेग, म्हणजे क्लच

मावशी छप्पन्न वर्षांची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. गाडी चालवायला पन्नाशीत शिकली. एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही सोसायटीच्या मागच्या बिनरहदारीच्या रस्त्यावर गेलो. वाण्याकडून आणलेली साबणाची दोन रिकामी खोकी घेतली, प्रत्येकात वीट ठेवून केरसुणी उभी खोचली. दोन केरसुण्यांमध्ये अठरा फूट.

पहिल्या प्रयत्नात मागची केरसुणी आडवी. दुसऱ्यात पुढची. तिसऱ्यात परत मागची. मी बाहेर उभी राहून 'डावी, डावी, आता सरळ' ओरडत होते आणि दर वेळी माझं 'सरळ' तिच्यापर्यंत पोचेपर्यंत गाडी दोन फूट पुढे गेलेली असायची.

"अगं, तू सांगतेस ते मला कळतंय, पण तोवर ती निघून जाते," मावशी म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सूचना बरोबर होत्या, वेग चुकत होता. ती क्लच पूर्ण सोडून ब्रेकने आवरत होती. मग आम्ही स्टिअरिंग बाजूला ठेवलं. अर्धा तास फक्त एकच काम : रिव्हर्स टाकून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, हाफ क्लचवर गाडी गोगलगायीसारखी मागे न्यायची. मी बाजूने चालत होते आणि गाडी माझ्यापेक्षा हळू जायला हवी होती. क्लच ज्या जागी गाडी पकडतो, तिथे पाऊल अडकवून ठेवायचं, किंचित वर म्हणजे हलते, किंचित खाली म्हणजे थांबते. टाच जमिनीवर टेकवून ठेवली तर हे जमतं, पाय हवेत धरला तर नाही. अर्ध्या तासाने परत केरसुण्या. पहिल्याच प्रयत्नात गाडी आत गेली, फूटपाथपासून फूटभर लांब, पण सरळ. मी एक शब्दही बोलले नव्हते.

म्हणून पुन्हापुन्हा चुकत असेल तर स्टिअरिंगचा अभ्यास करण्याआधी क्लचचा करा. सपाटीवर ॲक्सिलरेटर लागत नाही, डिझेल गाडीला तर मुळीच नाही. चढावर थोडा लागतो. फार वेळ हाफ क्लचवर राहून जळका वास आला तर थांबा, न्यूट्रलला घ्या, पाच मिनिटं गाडीला आणि पायाला विश्रांती द्या. ऑटोमॅटिकवाल्यांना ब्रेक हळूच सोडला की हे आयतं मिळतं. एएमटी गाडी (गियर मॅन्युअलसारखेच, पण क्लच आपोआप चालणारी) मात्र चढाला मागे-पुढे करताना थोडी अडखळते, तिथे हँडब्रेकची मदत घ्या.

सेन्सर आहे, कॅमेरा आहे, तरी लागतेच

१ जुलै २०१९पासून भारतात नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. चांगलं झालं. पण ते मागच्या बंपरमध्ये असतात आणि मागचंच सांगतात. तुमचा पुढचा उजवा कोपरा स्कूटरला लागतोय, डावी बाजू पुढच्या गाडीला घासतेय, हे त्यांना कळत नाही. बुटकी फूटपाथची कड, बारीक लोखंडी गज, झाडाला बांधलेली तार, हेही त्यांच्या नजरेतून सुटतं. पावसाळ्यात बंपरवर चिखल बसला की काहीच नसताना ओरडतात.

कॅमेऱ्यावरच्या रंगीत रेषा दोन प्रकारच्या असतात. काही गाड्यांत स्टिअरिंगबरोबर वळतात, काहींत स्थिर राहतात. स्थिर रेषा गाडी सरळ मागे गेली तर कुठे जाईल एवढंच दाखवतात. फुल काट मारलेली असताना त्यांच्यावर विसंबलात तर फसाल. तुमच्या गाडीत कुठल्या आहेत ते उभ्या गाडीत स्टिअरिंग हलवून बघून घ्या.

आरशांबद्दलही एक गोष्ट. बाहेरचे आरसे किंचित फुगीर असतात, त्यामुळे जास्त दिसतं पण सगळं असतं त्याहून लांब वाटतं. लावण्याआधी डावा आरसा थोडा खाली वळवा, म्हणजे मागचं चाक आणि फूटपाथची कड दोन्ही दिसतील. काही गाड्यांत रिव्हर्स टाकल्यावर तो आपणच खाली वळतो. लावून झाल्यावर परत वर करायला विसरू नका. मी एकदा विसरले होते आणि दुसऱ्या दिवशी कर्वे रस्त्यावर लेन बदलताना आरशात नुसता रस्ता दिसत होता.

मागे हॉर्न वाजायला लागला की हात लटपटतात

घाई करून कुणाचंच भलं होत नाही. जागा दिसली की लगेच ब्रेक मारू नका. आधी इंडिकेटर, मग वेग कमी, मग जागेच्या पुढे जाऊन थांबा. मागच्याला तुमचा हेतू जितका आधी कळेल तितका तो अंतर ठेवून थांबेल. बरेच जण चारही दिवे लुकलुकत ठेवतात, पण त्याने मागच्याला गाडी बंद पडलीय की लावायचीय ते कळत नाही. डावा इंडिकेटर स्पष्ट सांगतो. मागची गाडी अगदी बंपरला येऊन चिकटली असेल तर तिला हात करून पुढे जाऊ द्या, मग रिव्हर्स टाका.

खरा धोका हॉर्न वाजवणाऱ्याकडून नसतो, तो गप्प येणाऱ्याकडून असतो. आपल्याकडे गाडी मागे येत असतानाही तिच्या आणि फूटपाथच्या मधल्या फटीतून दुचाकी घुसते. पुण्यात तर हमखास. कुत्रं, सायकलवरचं पोर, भाजीची पिशवी घेऊन रस्त्यात उतरलेल्या आजी, सगळे त्याच फटीतून येतात. म्हणून फुल डावी काट मारण्याआधी आणि उलटी काट मारण्याआधी, दोन्ही वेळा पूर्ण थांबून डाव्या खांद्यावरून मागे बघायचं. आरशात नाही, मान वळवून. सीटबेल्ट अडत असेल तर तेवढ्यापुरता सैल करा, पण मान वळवा.

वॉचमन किंवा पानवाला मदतीला येतो आणि 'येऊ द्या, येऊ द्या' करतो, त्याचे आभार माना, पण त्याच्या हातावर गाडी सोडू नका. तो मागचा बंपर बघत असतो, पुढचा कोपरा तुमच्याकडेच असतो. तो दिसेनासा झाला तर लगेच थांबा. गाडीच्या मागे उभा राहून सांगणाऱ्या घरच्या माणसाला तर आधीच सांगून ठेवा : आरशात दिसशील अशा जागी, फूटपाथवर उभा राहा.

उजव्या बाजूला लावायची वेळ आली तर

पुण्यात बऱ्याच रस्त्यांवर सम-विषम तारखांचं पार्किंग असतं. एकेरी रस्ता असेल तर उजव्या बाजूची तारीख असेल त्या दिवशी उजव्या कडेला लावावी लागते आणि डावीकडे हात बसलेला माणूस तिथे अडखळतो. सगळं आरशातल्यासारखं उलटं करायचं : आधी फुल उजवी, मग सरळ, मग फुल डावी. कोन बघायला डावा आरसा, बंपरची रेषा बघायला उजवा. एक फायदा आहे : फूटपाथ तुमच्या बाजूला असल्याने काच खाली करून चाक आणि कड यांतलं अंतर डोळ्यांनी दिसतं. खरं तर कुणाला पहिल्यांदा शिकवायचं असेल तर मी उजव्या बाजूनेच सुरुवात करीन, अर्थात रिकाम्या रस्त्यावर.

उतार आणि उतरणं

उतारावर लावलीत तर हँडब्रेकबरोबर गियर आणि चाकांची दिशा दोन्ही सांभाळा. डाव्या कडेला, नाक उताराकडे असेल तर चाकं फूटपाथकडे वळवून ठेवा आणि रिव्हर्स गियर टाका. नाक चढाकडे असेल आणि कड उंच असेल तर चाकं रस्त्याकडे वळवा आणि पहिला गियर टाका, म्हणजे गाडी घसरलीच तर मागे येताना पुढचं चाक कडेला अडकेल. कड नसेल तर दोन्ही वेळा चाकं रस्त्याबाहेर, डावीकडे.

चाकाखाली आणि दारासमोर काय आहे ते बघा. फरशी खचलेली चेंबरची झाकणं, रस्त्याकडे कललेलं झाडाचं खोड, उंच फूटपाथ ज्यावर डाव्या दाराची खालची कड टेकते. डावीकडे बसलेल्याला आधी हळूच दार उघडून बघायला सांगा.

आणि तुम्ही उजवीकडून उतरताना दार डाव्या हाताने उघडा. डावा हात दाराच्या हँडलपर्यंत नेताना अंग आपोआप मागे वळतं आणि मागून येणारी स्कूटर दिसते. उजव्या हाताने उघडलं की दार आधी उघडतं, नजर नंतर जाते. मावशीला हे शिकवायला एक मिनिट लागला, आणि ती आता आमच्या काकांनाही तेच करायला लावते.